धरणे आणि सोडणे : डोप केलेल्या द्विमितीय पदार्थांवरील वायूंचे अधिशोषण

सातारा जिल्ह्यातील फलटण तालुका आणि त्याच्या दक्षिणेकडचा सांगली जिल्हा यांच्या अर्थव्यवस्थेतील बहुतेक मोठ्या व्यवसायांबरोबर एखादा तरी घातक वायू येतो. साखर कारखान्यात उसाचा रस स्वच्छ आणि साखर पांढरी व्हावी म्हणून भट्टीत गंधक जाळून तयार झालेला सल्फर डायऑक्साइड रसात सोडला जातो. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारा स्पेंट वॉश बंद टाक्यांत कुजवून बायोगॅस मिळवतात, तेव्हा त्या गॅसबरोबर हायड्रोजन सल्फाइड येतो. दूध थंड करणारी संयंत्रे आणि अनेक शीतगृहे अमोनियावर चालतात. तासगाव आणि कवठेमहांकाळच्या बेदाणा शेडमध्ये मण्यांना सोनेरी रंग यावा म्हणून गंधकाची धुरी दिली जाते, आणि त्या धुरीतला वायू कारखान्यातल्या भट्टीतल्या वायूहून वेगळा नसतो. बनबिहारी निंबकर यांनी 1968 मध्ये फलटणला स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत 1990च्या दशकात अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाचे पाचट आणि बगॅस यांच्यावर चालणारा गॅसिफायर विकसित केला. अशा गॅसिफायरमधून निघणाऱ्या इंधनवायूचा सुमारे पाचवा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि या वायूला ना रंग असतो ना वास. यांपैकी प्रत्येक ठिकाणी हवेत काय मिसळले आहे हे माणसाला कळण्याआधी यंत्राला कळायला हवे, कारण नाक हे साधन इथे अपुरे पडते. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास अगदी कमी प्रमाणात येतो खरा, पण दशलक्ष भागांत सुमारे 100 भागांच्या पुढे घ्राणशक्तीच बधिर होते आणि ज्या क्षणी धोका सर्वाधिक असतो त्याच क्षणी वास नाहीसा होतो.

आज वापरात असलेल्या वायुसंवेदकांचे दोन मोठे गट आहेत. एका गटात वायूची रासायनिक अभिक्रिया घडवून वीजप्रवाह मोजणारे विद्युत-रासायनिक संवेदक येतात. ते अचूक असतात, पण त्यांच्यातील द्रव सुकतो आणि दोन-तीन वर्षांत ते बदलावे लागतात. दुसरा गट धातूंच्या ऑक्साइडचा. जपानमध्ये 1962 साली सेइयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिंक ऑक्साइडच्या पातळ थराचा रोध वायूच्या संपर्कात बदलतो हे दाखवले, त्याच वर्षी तागुची यांनी कथिलाच्या ऑक्साइडवर आधारलेल्या संवेदकाचे पेटंट मागितले, आणि घरगुती गॅसची गळती ओळखणारी उपकरणे त्यातूनच जगभर पोहोचली. हे संवेदक टिकाऊ आणि स्वस्त आहेत, परंतु ते चालण्यासाठी पृष्ठभाग साधारण 200 ते 400 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो, त्यामुळे वीज सतत खर्च होते, आणि निरनिराळ्या वायूंमधला फरक त्यांना नीट सांगता येत नाही. सामान्य तापमानावर, अत्यल्प विजेवर आणि वायू ओळखून काम करणारा संवेदक मिळावा या गरजेतून गेली सुमारे 20 वर्षे द्विमितीय पदार्थांचा, आणि त्यातही परके अणू मिसळलेल्या द्विमितीय पदार्थांचा, अभ्यास वेगाने वाढला आहे. या अभ्यासाचा गाभा अधिशोषण ही क्रिया आहे.

अधिशोषण म्हणजे वायूचे रेणू घन पदार्थाच्या पृष्ठभागावर बसणे. स्पंज पाणी आत घेतो ते शोषण, आणि कोळशाच्या पृष्ठावर वायू चिकटतो ते अधिशोषण, असा भेद आहे. या क्रियेला तिचे आजचे पाश्चात्त्य शास्त्रीय नाव 1881 मध्ये हाइनरिख कायझर यांनी दिले, आणि 1918 मध्ये अर्व्हिंग लँगम्युअर यांनी तिचा गणिती नियम मांडला. पृष्ठावर रेणूंना बसण्यासाठी ठरावीक जागा असतात, हवेतून रेणू येऊन तिथे बसतात आणि बसलेले काही उठून जातात, आणि बसण्याचा व उठण्याचा वेग सारखा झाला की पृष्ठाचा किती भाग भरलेला राहील हे ठरते, असा त्या नियमाचा आशय आहे. यातला उठून जाण्याचा भाग पुढच्या सर्व विवेचनात महत्त्वाचा ठरतो, आणि याच भागाकडे या विषयावरील लेखनात सर्वांत कमी लक्ष दिले गेले आहे. रेणू पृष्ठावर दोन प्रकारे बसतो. भौतिक अधिशोषणात तो केवळ दुर्बळ व्हॅन डर वाल्स आकर्षणाने टेकलेला असतो, तर रासायनिक अधिशोषणात त्याचा आणि पृष्ठाच्या अणूचा खराखुरा बंध तयार होतो. दोन्हींमधला फरक अधिशोषण ऊर्जेने, म्हणजे बसलेला रेणू उचलून दूर नेण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेने, मोजतात. ती इलेक्ट्रॉनव्होल्ट या एककात सांगण्याची प्रथा असून एका रेणूमागे एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे एका मोलमागे सुमारे 96.5 किलोजूल होतात.

द्विमितीय पदार्थ म्हणजे एक किंवा काही अणूंच्या जाडीचे पापुद्रे. आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी 2004 मध्ये मँचेस्टर येथे ग्रॅफाइटपासून कार्बन अणूंचा एकेरी थर, म्हणजे ग्राफीन, वेगळा केला आणि 2010 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. संवेदकाच्या दृष्टीने या पदार्थाचे आकर्षण सरळ आहे : त्याचा प्रत्येक अणू पृष्ठावर असतो. एका ग्रॅम ग्राफीनचे दोन्ही बाजू धरून पृष्ठफळ 2630 चौरस मीटर भरते, म्हणजे जवळजवळ 26 गुंठे. जाड तारेत वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनांना तारेच्या कडेला काय बसले आहे याचा पत्ता लागत नाही. एका अणूच्या जाडीच्या थरात मात्र वाहणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनला वर बसलेल्या रेणूच्या शेजारूनच जावे लागते. म्हणून रेणूने थोडासा विद्युतभार दिला किंवा घेतला तरी थराचा रोध बदलतो, आणि तो बदल मोजता येतो. हवेतल्या ग्राफीनमध्ये बहुधा इलेक्ट्रॉनांची उणीव असते आणि ती उणीव, जिला होल म्हणतात, धन भारासारखी वाहते. नायट्रोजन डायऑक्साइड इलेक्ट्रॉन ओढून घेतो, होल वाढतात आणि रोध घटतो. अमोनिया इलेक्ट्रॉन देतो आणि रोध वाढतो. मँचेस्टरच्याच गटाने, शेडिन आणि सहकाऱ्यांनी, 2007 मध्ये या तत्त्वावर नायट्रोजन डायऑक्साइडचा एकेक रेणू बसता-उठताना होणारा रोधाचा टप्पा नोंदवला, आणि त्या निष्कर्षाने या क्षेत्राला मोठी गती दिली.

त्या उत्साहाला लगेचच दोन बाजूंनी आवर बसला, आणि डोपिंगच्या विचाराला बळ मिळाले ते या दोन्हींतून. पहिला आवर गणनांचा. लीनार्ट्स, पार्टोएन्स आणि पीटर्स यांनी 2008 मध्ये शुद्ध ग्राफीनवर पाणी, अमोनिया, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांच्या अधिशोषणाची सैद्धांतिक गणना केली, तेव्हा सर्व ऊर्जा एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दशांशापेक्षाही कमी निघाल्या. सामान्य तापमानावर रेणूंची स्वतःची उष्णतेची चळवळ सुमारे 0.026 इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी असते, तेव्हा कार्बन मोनॉक्साइडसारखा रेणू अशा पृष्ठावर टिकून बसेल ही अपेक्षाच फोल आहे. दुसरा आवर प्रयोगाचा. 2009 मध्ये डॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ग्राफीनचे उपकरण बनवताना वापरलेल्या रसायनाचा पातळ लेप वर राहून जातो, आणि पूर्वी दिसलेल्या प्रतिसादाचा मोठा वाटा त्या मळाचा होता. पृष्ठ नीट स्वच्छ केल्यावर प्रतिसाद कितीतरी कमी झाला. निर्दोष ग्राफीन हा पदार्थ म्हणून असामान्य, पण वायू धरणारा पृष्ठ म्हणून उदासीन आहे, हे यातून स्पष्ट झाले. त्याच्या जाळीत दोष किंवा परके अणू आले तरच रेणूला धरायला जागा मिळते.

डोपिंग म्हणजे मूळ जाळीत परक्या मूलद्रव्याचे मोजके अणू बसवणे. सिलिकॉनच्या उद्योगात ही रीत जुनी आहे, परंतु तिथे परका अणू केवळ वाहकांची संख्या वाढवतो. इथे तो वाहकही वाढवतो आणि रेणूला बसण्याची जागाही होतो, आणि ही दुहेरी भूमिका लक्षात ठेवली नाही तर या विषयातील निष्कर्षांचा अर्थ चुकीचा लागतो. कार्बनच्या जागी बोरॉन आला तर एक इलेक्ट्रॉन कमी पडतो, नायट्रोजन आला तर एक जास्त होतो. ॲल्युमिनियम, सिलिकॉन, फॉस्फरस यांसारखे मोठे अणू जाळीच्या सपाटीत मावत नाहीत, वर उचलले जातात, आणि त्यांचे अपुरे बंध हवेकडे तोंड करून राहतात. लोह, कोबाल्ट, पॅलेडियम, प्लॅटिनम यांसारख्या संक्रमण धातूंकडे रेणूशी बंध जोडण्यास योग्य अशा कक्षा असतात. सन 2008 मध्ये आओ आणि सहकाऱ्यांच्या गणनेत ॲल्युमिनियम मिसळलेल्या ग्राफीनने कार्बन मोनॉक्साइड शुद्ध ग्राफीनच्या मानाने फारच घट्ट धरला. 2009 मध्ये झांग आणि सहकाऱ्यांनी शुद्ध, बोरॉनयुक्त, नायट्रोजनयुक्त आणि सदोष अशा चार ग्राफीनांची तुलना केली, तेव्हा कार्बन मोनॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांना सर्वाधिक घट्ट धरणारा पृष्ठ एक अणू निखळलेल्या सदोष ग्राफीनचा ठरला आणि अमोनियाला सर्वाधिक घट्ट धरणारा बोरॉनयुक्त ग्राफीनचा. अमोनियाच्या नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी असते आणि बोरॉनला तशीच जोडी हवी असते, त्यामुळे हे रसायनशास्त्राच्या जुन्या समजुतीला धरूनच आहे. नायट्रोजनच्या डोपिंगविषयी मात्र सावधगिरी हवी, कारण नायट्रोजन जाळीत कसा बसला यावर सगळे अवलंबून असते : तो तीन कार्बनांशी जोडून सपाटीत बसला तर रेणूला फारशी नवी जागा मिळत नाही, आणि रिक्त जागेच्या कडेला दोनच कार्बनांशी जोडून बसला तर मिळते. दोन्ही पदार्थांवर ‘नायट्रोजनयुक्त ग्राफीन’ अशी एकच चिठ्ठी लागते, आणि त्यामुळे परस्परविरोधी निष्कर्ष प्रसिद्ध होत राहतात.

ग्राफीनच्या पलीकडेही पदार्थांचे मोठे कुळ आहे. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या थरात गंधकाचे दोन स्तर आणि त्यांमध्ये मॉलिब्डेनमचा एक असतो, आणि तो ग्राफीनसारखा अखंड वाहक नसून अर्धसंवाहक असल्यामुळे त्याचा रोध बाहेरून दिलेल्या विद्युतदाबाने नियंत्रित करता येतो. खनिज रूपात मिळणाऱ्या मॉलिब्डेनाइटमध्ये ऱ्हेनियमसारखी मूलद्रव्ये निसर्गतःच असतात आणि गंधकाच्या कित्येक जागा रिकाम्या असतात, त्यामुळे ‘शुद्ध’ म्हणून मोजलेला नमुनाही काही प्रमाणात आधीच डोप झालेला असतो. काळ्या फॉस्फरसच्या थरांनी अब्जात 5 भाग इतका विरळ नायट्रोजन डायऑक्साइड ओळखल्याचे 2015 मध्ये प्रसिद्ध झाले, पण उघड्या हवेत ओलावा आणि ऑक्सिजन यांच्यामुळे हा पदार्थ स्वतःच खराब होतो. 2011 मध्ये फिलाडेल्फिया येथील ड्रेक्सेल विद्यापीठात तयार झालेल्या मॅक्सीन कुळातील पदार्थ धातूसारखे वाहक असतात, आणि त्यांच्या पृष्ठावर ऑक्सिजन, हायड्रॉक्सिल आणि फ्लोरीन यांचे गट असतात; 2018 मध्ये कोरियन गटाने टायटॅनियम कार्बाइडच्या अशा थरांनी अब्जांश पातळीवरील ॲसिटोन, इथेनॉल आणि अमोनिया ओळखल्याचे दाखवले. बोरॉन नायट्राइड, सिलिसीन, जर्मेनीन यांच्यावरील काम बहुतांशी कागदावरच आहे.

कागदावर म्हणजे डेन्सिटी फंक्शनल थिअरीच्या गणनांत. वॉल्टर कोन यांनी 1964 मध्ये होहेनबर्ग यांच्याबरोबर आणि 1965 मध्ये शॅम यांच्याबरोबर मांडलेल्या या सिद्धांतात असंख्य इलेक्ट्रॉनांच्या गुंतागुंतीच्या समीकरणाऐवजी अवकाशातील त्यांच्या एकूण घनतेवरून पदार्थाची ऊर्जा काढली जाते, आणि त्यासाठी कोन यांना 1998 चे नोबेल मिळाले. अधिशोषण ऊर्जा काढण्याची रीत साधी आहे : रेणू बसलेल्या थराची ऊर्जा काढायची आणि तीतून मोकळ्या थराची व मोकळ्या रेणूची ऊर्जा वजा करायची. जोडीला रेणू आणि थर यांच्यात किती भार सरकला, इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांत काय फरक पडला, हेही पाहतात. ही गणना आज मध्यम क्षमतेच्या संगणकावरही होते, आणि राष्ट्रीय महासंगणन अभियानातून पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत बसवलेल्या परम ब्रह्मसारख्या यंत्रामुळे ती महाराष्ट्रातील संशोधकांच्या आवाक्यात आली आहे. ज्या महाविद्यालयात महागडी निर्वात उपकरणे नाहीत, तिथेही पदव्युत्तर विद्यार्थी या मार्गाने खरे संशोधन करू शकतो, आणि ही लहान गावांसाठी मोठी संधी आहे. पण याच सोपेपणामुळे एक विशिष्ट प्रकारचा शोधनिबंध अमाप झाला आहे : नवा थर, नवा परका अणू, चार-पाच वायू, ऊर्जांचा तक्ता, आणि शेवटी अमुक पृष्ठ अमुक वायूसाठी ‘उत्तम संवेदक’ असल्याचे विधान.

अशा विधानाचे वजन ठरवताना गणनेची गृहीते पाहावी लागतात. ग्राफीनचा चार गुणिले चार घरांचा तुकडा घेतला तर त्यात 32 अणू असतात, आणि त्यातला एक बदलला की डोपिंग 3 टक्क्यांच्या वर जाते, शिवाय सर्व परके अणू नेमक्या समान अंतरावर मांडलेले ठरतात. प्रत्यक्षात ते तसे बसत नाहीत. 2015 मध्ये मोठ्या आकाराचे बोरॉनयुक्त ग्राफीन वाढवून ज्या गटाने त्याची संवेदनक्षमता अब्जांशापर्यंत आणि त्याहूनही खाली असल्याचे दाखवले, त्यांनाच सूक्ष्मदर्शकाखाली बोरॉनचे अणू एकेकटे नव्हे, तर तीन-तीनच्या जुटीने बसलेले वारंवार आढळले. संक्रमण धातूंचे अणू तर एकमेकांकडे अधिकच ओढले जातात आणि पृष्ठावर सुटे राहण्याऐवजी गोळे करतात, तेव्हा एकट्या प्लॅटिनम अणूवर केलेली सुबक गणना कोणत्या खऱ्या नमुन्याला लागू पडते हा प्रश्न उरतोच. गणनेचे जे रूप वापरले जाते त्यानुसार दुर्बळ आकर्षणाची ऊर्जा कित्येक पटींनी बदलते; श्टेफान ग्रिमे यांनी 2006 आणि 2010 मध्ये सुचवलेल्या दुरुस्त्या न घेता काढलेले भौतिक अधिशोषणाचे आकडे आज ग्राह्य धरू नयेत. आणि ही सर्व गणना निर्वातात, निरपेक्ष शून्य तापमानाला, एकट्या रेणूवर होते.

या सगळ्याहून मोठा दोष दृष्टीचा आहे. अधिशोषण ऊर्जा जितकी जास्त तितका संवेदक चांगला असे गृहीत धरून निष्कर्ष काढले जातात, आणि संवेदकाला वायू धरण्याइतकाच तो सोडावाही लागतो ही गोष्ट बाजूला पडते. रेणू पृष्ठावर किती वेळ बसून राहील याचा अंदाज ऊर्जेवरून बांधता येतो : रेणू सेकंदाला सुमारे एक लाख कोटी वेळा उसळी घेतो असे धरले, तर बैठकीचा काळ ऊर्जेच्या घातांकी प्रमाणात वाढतो. 27 अंश सेल्सिअसला 0.2 इलेक्ट्रॉनव्होल्टने धरलेला रेणू दोन-तीन अब्जांश सेकंदांत उठतो, म्हणजे तो बसला काय आणि न बसला काय, उपकरणाला कळत नाही. 0.5 ला हा काळ सेकंदाच्या चार हजाराव्या भागाइतका होतो, 0.8 ला सुमारे अर्धा मिनिट, 1.0 ला साडेसतरा तास, आणि 1.5 ला तो पाच लाख वर्षांच्या घरात जातो. ज्या पृष्ठावर दीड-दोन इलेक्ट्रॉनव्होल्टने रेणू बसतो तो पृष्ठ एकदा भरला की भरला. त्याला वायू टिपणारी गाळणी किंवा एकदाच वापरायची पट्टी म्हणता येईल, पण दिवसरात्र पहारा करणारा संवेदक म्हणता येणार नाही. उपयोगी पट्टा अरुंद आहे, साधारण 0.5 ते 0.9 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दरम्यानचा, आणि डोपिंगची खरी किमया पकड वाढवण्यात नसून ती या पट्ट्यात आणून ठेवण्यात आहे.

हाच हिशेब स्थानिक हवामानाला लावला तर आणखी एक अडचण समोर येते. फलटणला जानेवारीतल्या पहाटे 15 अंश आणि एप्रिलच्या दुपारी 40 अंश तापमान असते. 0.8 इलेक्ट्रॉनव्होल्टने धरलेला रेणू त्या पहाटे सुमारे 100 सेकंद बसून राहील आणि त्या दुपारी 8 सेकंदांतच उठेल. लँगम्युअरच्या नियमानुसार त्याच प्रमाणात भरलेल्या जागाही बदलतात, त्यामुळे हवेत वायू तेवढाच असूनही उपकरण ऋतूनुसार वेगळा आकडा दाखवेल. यावर उपाय आहे : थराखाली सूक्ष्म तापक ठेवून ठरावीक वेळाने त्याला क्षणभर उष्णता द्यायची. 1.0 इलेक्ट्रॉनव्होल्टची पकड 27 अंशांना साडेसतरा तास टिकते, तीच 127 अंशांना चार सेकंदांत सुटते. धातूच्या ऑक्साइडला सतत लागणाऱ्या उष्णतेपेक्षा ही अधूनमधूनची उष्णता फारच स्वस्त पडते, तेव्हा ‘सामान्य तापमानावर चालणारा’ या बिरुदाचा हट्ट सोडलेला बरा.

तापमानापेक्षा ओलावा अधिक त्रासदायक आहे. विरळ वायू दशलक्षात काही भाग असतो, तर दमट हवेत पाण्याची वाफ दशलक्षात हजारो भागांच्या हिशेबाने असते, आणि जी डोपिंग अमोनियाला धरते ती बहुधा पाण्यालाही धरते, कारण पाण्याच्या ऑक्सिजनकडेही इलेक्ट्रॉनांच्या मोकळ्या जोड्या आहेत. एकट्या सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि फलटणसारख्या पर्जन्यछायेतल्या तालुक्यात पाचशेच्या आसपास, म्हणून एकाच जिल्ह्यात एकच संवेदक दोन वेगळी यंत्रे असल्यासारखा वागेल. ऑक्सिजनचा प्रश्न त्याहून मूलगामी आहे. ॲल्युमिनियम मिसळलेले ग्राफीन कार्बन मोनॉक्साइडला घट्ट धरते, परंतु ॲल्युमिनियमला ऑक्सिजनची ओढ त्याहूनही जबर असते, आणि हवेत ऑक्सिजन एकपंचमांश असतो. गणनेत मोकळी दिसणारी जागा उघड्या हवेत पहिल्याच क्षणी व्यापलेली असण्याची शक्यता मोठी आहे, आणि शोधनिबंधाच्या तक्त्यात ऑक्सिजन व पाण्याच्या ओळी नसतील तर त्यातली बाकीची तुलना अपुरीच मानावी लागते.

सातारा-सांगलीच्या दृष्टीने तिसरी अडचण गंधकाची आहे, आणि तिच्याकडे स्थानिक संशोधकांनी अधिक लक्ष द्यावे असे तिचे महत्त्व आहे. पॅलेडियम, प्लॅटिनम, निकेल या धातूंवर गंधकाची संयुगे घट्ट बसून त्यांची क्रियाशीलता मारतात, हे उत्प्रेरकांच्या उद्योगात फार पूर्वीपासून माहीत आहे. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू अशा धातूवर आला की तो अखंड राहील याची खात्री नसते. त्याचे हायड्रोजन एकेक करून सुटतात आणि मागे गंधकाचा अणू कायमचा बसतो. शिवाय जिथे हायड्रोजन सल्फाइड आणि सल्फर डायऑक्साइड दोन्ही असतात तिथे त्यांची आपसातील अभिक्रिया होऊन गंधक आणि पाणी तयार होते, आणि क्रियाशील पृष्ठ त्या अभिक्रियेला मदतच करतो. तेव्हा हवाविरहित टाकीजवळ किंवा गंधक भट्टीजवळ बसवायच्या संवेदकासाठी, मौल्यवान धातूंनी डोप केलेला थर कागदावर कितीही सरस ठरला तरी त्याची निवड शंकास्पद आहे. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या थरात गंधक मुळातच असतो, म्हणून तिथे हा धोका काहीसा कमी असावा, पण त्याच्या रिकाम्या गंधक-जागा हायड्रोजन सल्फाइडमधला गंधक ओढून घेऊन बुजतात, आणि मग संवेदन करणारी जागाच नाहीशी होते.

या विषयातील एक पायाभूत प्रयोग मराठी वाचकाला जवळचा वाटावा असा आहे. दत्तात्रय लेट, उमेश वाघमारे, विनायक द्रविड, सी. एन. आर. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकेरी आणि अनेकपदरी थरांचे ट्रान्झिस्टर करून त्यांच्यावर नायट्रोजन डायऑक्साइड, अमोनिया आणि ओलावा यांचा परिणाम तपासला. एकेरी थर सर्वांत सरस ठरावा ही त्या काळची सार्वत्रिक अपेक्षा होती. प्रयोगात मात्र काही पदरी थरांची संवेदनक्षमता आणि पूर्वस्थितीला येण्याची क्षमता अधिक चांगली निघाली, आणि विद्युतदाब व हिरवा प्रकाश यांनी तिच्यावर नियंत्रणही ठेवता आले. लेट यांनी पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम केले. प्रयोगाच्या अंगाने पाहिले तर पश्चिम महाराष्ट्राची परंपरा द्विमितीय पदार्थांच्याही आधीची आहे : फलटण परिसरातील अनेक महाविद्यालये ज्याच्याशी संलग्न आहेत त्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात फवारणीने आणि रासायनिक द्रावणातून पातळ थर बसवण्याचे काम अनेक वर्षे झाले, आणि सोलापूर विद्यापीठात पॉलिॲनिलीन या वाहक बहुवारिकाचे अमोनिया व नायट्रोजन डायऑक्साइडचे संवेदक तयार झाले. साध्या, स्वस्त उपकरणांनी मोठ्या पृष्ठावर थर बसवण्याचे हे कौशल्य डोप केलेल्या थरांना आज नेमके हवे आहे, कारण चिकटपट्टीने सोललेला एकेक पापुद्रा प्रयोगशाळेत शोभतो, कारखान्यात नाही.

वापराच्या जागेचा विचार केला की काही शक्यता आपोआप गळतात. फलटणला कमिन्स कंपनीचा मोठा इंजिन-प्रकल्प आहे, आणि एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज-6 मानकांमुळे डिझेल वाहनाच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइड मोजणारे संवेदक गाड्यांवर आले. पण ते तापलेल्या धुराच्या नळीत बसतात, तिथे झिर्कोनियाच्या सिरॅमिकलाच पर्याय नाही, आणि द्विमितीय थराने त्या स्पर्धेत उतरू नये. शहराच्या हवेचे मापन ही दुसरी टोकाची जागा : भारतीय मानकानुसार नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम, म्हणजे अब्जात सुमारे 21 भाग आहे, आणि तिथे बोरॉनयुक्त ग्राफीनसारख्या अतिसंवेदनशील थराला वाव आहे. कामाच्या जागेची गरज मात्र निराळी आहे. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने सुचवलेल्या मर्यादा सल्फर डायऑक्साइडसाठी दशलक्षात 2 भाग, हायड्रोजन सल्फाइडसाठी 10 आणि अमोनियासाठी 25 अशा आहेत. या पातळ्या शहरी हवेच्या मानाने शेकडोपट आहेत, म्हणून गंधक भट्टीवरच्या किंवा बेदाणा शेडमधल्या संवेदकाला अब्जांश टिपण्याची गरजच नाही. त्याला धूळ, वाफ, बगॅसचा भुसा आणि इतर वायू यांच्या गर्दीत हा एक वायू ओळखायचा आहे, आणि एकाच नमुन्यावर महिनोन्महिने तोच आकडा दाखवायचा आहे. संशोधनातली चढाओढ ज्या आकड्यावर चालते, तो सर्वांत कमी ओळखता येणाऱ्या प्रमाणाचा आकडा, इथे जवळजवळ गैरलागू आहे.

एका थराकडून ही ओळख होणे कठीण आहे, कारण सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड दोघेही इलेक्ट्रॉन ओढतात आणि रोध एकाच दिशेने बदलतात. म्हणून वेगवेगळ्या प्रकारे डोप केलेले अनेक थर शेजारी मांडून त्यांच्या प्रतिसादांचा एकत्रित नमुना वाचण्याचा मार्ग अधिक भरवशाचा दिसतो. कृष्ण पर्सौद आणि जॉर्ज डॉड यांनी 1982 मध्ये मांडलेल्या इलेक्ट्रॉनिक नाकाची ही कल्पना आहे. या मांडणीत एकाही थराने एकाच वायूला निवडून धरण्याची गरज राहत नाही. बोरॉनचा, नायट्रोजनचा आणि गंधकयुक्त थर एकमेकांपासून पुरेसे वेगळे वागले की काम होते. गणनेने कोणते तीन-चार पृष्ठ एकमेकांपासून सर्वाधिक भिन्न आहेत ते शोधावे, आणि ते शोधताना पाणी व ऑक्सिजन यांना पाहुण्यासारखे नव्हे, घरातल्या माणसांसारखे धरावे, अशी या टप्प्यावरची निकड आहे.

त्यापुढचा भाग मोजणीचा आहे, आणि तो महासंगणकावर होत नाही. साखर कारखान्याचा गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो, म्हणजे थंड पहाट, कोरडी दुपार आणि वाफेने भरलेली बॉयलिंग हाउसची हवा हे सगळे एकाच हंगामात एकाच जागी मिळते. डोप केलेल्या थरांचा एक संच आणि प्रमाणित विद्युत-रासायनिक संवेदक शेजारी-शेजारी त्या हंगामभर गंधक भट्टीजवळ टांगून ठेवला, दर आठवड्याला ज्ञात प्रमाणाचा वायू देऊन दोन्ही तपासले, आणि हंगाम संपल्यावर थर उतरवून त्याच्यावर गंधक कुठे आणि किती बसला हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर कोणती डोपिंग धरते आणि सोडतेही, याचे उत्तर आकड्यांत मिळेल.